चाकांवरचं घर घ्या, पण टाकी कुठे रिकामी करणार ते आधी सांगा

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांना जुनी छोटी मोटरहोम घ्यायची आहे त्यांनी वाचाच. ज्यांना घ्यायची नाही त्यांनीही वाचा, कारण त्या गाडीतली घाण शेवटी आपल्याच पऱ्यात येणार आहे.

गाड्यांची कागदपत्रं करून देणं हा माझा धंदा. ट्रान्सफर, एनओसी, इन्शुरन्स, बोजा चढवणं-उतरवणं. दापोलीत बसून मी रोज लोकांच्या आरसी बुकाची उलटसुलट पानं बघतो. पूर्वी लोक विचारायचे, "भाऊ, जुनी बोलेरो बघितलीय, घेऊ का?" गेल्या दिवाळीपासून प्रश्न बदललाय. "भाऊ, एक सेकंडहँड कॅराव्हॅन बघून ठेवलीय, नावावर होईल ना?" आणि मोबाईल पुढे येतो. फोटोत ट्रॅव्हलर किंवा व्हॅन, आत प्लायवूडची कपाटं, पिवळे दिवे, एक गादी, खिडकीबाहेर समुद्र. समुद्र बहुतेक वेळा आपलाच असतो, कर्दे नाहीतर लाडघर.

माझं मत सरळ आहे. या गाड्यांना गिऱ्हाईक मिळतंय ते हौसेने कमी आणि संडासाच्या भीतीने जास्त. आणि जुनी, छोटी, कुणीतरी गल्लीत बनवून घेतलेली मोटरहोम नेमकी याच बाबतीत दगा देते. मग सरकारचं आणि पंचायतीचं जे काम होतं ते माणूस साडेसहा लाख घालून स्वतः करायला जातो, आणि तेही होत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. महिन्याभरापूर्वी एक निवृत्त गुरुजी आले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, खाली बसता येत नाही. मुलगी पुण्यात. वर्षातून चार-पाच वेळा ताम्हिणी घाटातून जाणं-येणं होतं. गुरुजी म्हणाले, "भाऊ, मला एसी नको, टीव्ही नको, बेडसुद्धा नको. आईला वाटेत कमोडवर बसता आलं पाहिजे. ती निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही." हे ऐकल्यावर या माणसाला हौशी म्हणायची माझी तरी हिंमत नाही. तुमच्या घरातल्या बायकांना विचारा, प्रवासाच्या दिवशी किती पाणी पितात ते. उत्तर माहीत असूनही आपण कधी विचारत नाही.

गुरुजींनी बघितलेली गाडी कशी होती ते सांगतो. आधी शाळेची व्हॅन, मग मालकाने सीटा काढून घर केलं. दिसायला झकास. आता एकेक बघू.

पहिली गोष्ट कागद. वाहनांच्या नोंदणीत 'मोटर कॅराव्हॅन' असा वेगळा वर्ग आहे. या प्रकारच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे आणि त्याची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. ज्या कारागिराकडे किंवा कंपनीकडे अशी मंजुरी आहे त्याने बनवलेली गाडी रीतसर कॅराव्हॅन म्हणून नोंदते. बाजारात स्वस्तात फिरणाऱ्या जुन्या गाड्यांतल्या बऱ्याच तशा नसतात. आरसीवर स्कूल बस, रुग्णवाहिका किंवा साधी मोटार, आणि आत मात्र ओटा नि पलंग. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळातल्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. विकणारा म्हणतो, "कोणी विचारत नाही हो." खरंय, रोज कोणी विचारत नाही. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारतो. तेव्हा आरसीवर आठ सीट आणि गाडीत दोन सीट, एक सिंक, एक गॅस, हे त्याला काय म्हणून समजावणार? स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडकतो. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी, इथे नव्याने नोंदणी, इथला कर, आणि त्या वेळी इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करावी लागते. पिवळी पाटी असेल तर फिटनेसची भानगड वेगळी.

दुसरी गोष्ट वजन. याबद्दल रीलवाले कधीच बोलत नाहीत. छोट्या पाच सीटच्या व्हॅनला कंपनीने धरलेलं ओझं म्हणजे पाच माणसं आणि त्यांच्या पिशव्या, ढोबळमानाने साडेचारशे ते पाचशे किलो. आता चार माणसं धरा २६० किलो. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, पाणी काही सवलत देत नाही. ट्युब्युलर बॅटरी ५५. प्लायवूडचं सामान, पलंग, कपाट १२०. फ्रिज २०, बाहेरचं छप्पर २०, पाच किलोचा सिलिंडर भरलेला १२-१३, कपडे-भांडी-डबे ४०. झाले ५९० च्या आसपास. एवढं घेऊन तुम्ही आंबेनळी घाट उतरणार. ब्रेक कंपनीने ज्या ओझ्यासाठी दिलेत ते ओझं तुम्ही केव्हाच ओलांडलंय. शिवाय आडव्या बाकावर, बेल्टशिवाय बसलेली पोरं. घरात बसल्यासारखं वाटतं म्हणतात. घाटात ते घर वळण घेतं.

जुनी मारुती ओम्नी हा तर अनेकांचा जीव की प्राण. माझाही आहे. पण तिची लांबी ३३७० मिलिमीटर, म्हणजे अकरा फूट, आणि त्यातले पुढचे चार-साडेचार फूट ड्रायव्हरचे. ओम्नीचं उत्पादन २०१९ ला थांबलं, म्हणजे आज मिळेल ती जुनीच. तिच्यात साडेपाच फुटी माणूस नीट पाय पसरून झोपला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. उभं राहणं आत शक्यच नाही. पावसात ओली चप्पल, ओला टॉवेल आणि ओला माणूस या तिघांना त्या डब्यात जागा नाही. आणि आपल्याकडे पाऊस चार महिने असतो. दोन पावसाळे काढलेल्या गाडीत छपराला पाडलेल्या भोकाभोवती हात फिरवा. प्लायवूड फुगलेलं लागेल. तो वास एकदा बसला की अत्तर ओतलंत तरी जात नाही.

तिसरी गोष्ट वीज. बारा व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात राहिले ९००. एक टनाचा एसी ताशी हजारभर वॅट घेतो. हिशोब तुम्हीच करा, पाऊण तास. मे महिन्यातली कोकणातली रात्र पाऊण तासाची नसते. छपरावर सोलर पॅनल टाकलं, छान केलंत, दिवे-पंखा-मोबाईल चालेल. एसी नाही. मग लोक जनरेटर लावतात किंवा इंजिन चालू ठेवून झोपतात. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मेलेले सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला खोकलासुद्धा येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, गाडी घ्या न घ्या, पण बंद गाडीत इंजिन किंवा जनरेटर लावून झोपू नका.

हे सगळं पैसे टाकून थोडंफार सुधारता येतं. मंजुरीवाली गाडी घ्या, मोठी घ्या, लिथियम बॅटरी बसवा. बजेट तिप्पट होईल, पण जमेल. पैसे टाकूनही जे जमत नाही ते पुढे आहे.

छोट्या मोटरहोममध्ये जो संडास असतो तो बहुतेक वेळा पेटीवाला. वर बसायचं भांडं, खाली वीस-एक लिटरची टाकी. चार माणसांच्या घरात ती दीड-दोन दिवसांत भरते. भरली की ती खेचून काढायची, हातात घेऊन चालत जायचं आणि ओतायची. कुठे? बाकी सगळा खेळ या एका शब्दावर येऊन थांबतो.

मी विकणाऱ्याला गुरुजींच्या समोर विचारलं, "दादा, तुम्ही कुठे ओतायचात?" तो हसला. म्हणाला, "जंगल आहे ना सगळीकडे." बघा म्हणजे. एका घरातल्या आईला रस्त्याकडेला बसावं लागू नये म्हणून गाडी घ्यायची, आणि दोन दिवसांनी तिची टाकी मुलाने रस्त्याकडेला ओतायची. फरक एवढाच की आता ती रसायन मिसळून, वीस लिटर एकदम.

आपल्या भागातली जमीन जांभ्याची. जांभा पाणी धरत नाही, झिरपवतो. कातळावर ओतलेलं खाली वाडीतल्या विहिरीत कधी येईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, आपल्या आज्यांना ते ठाऊक होतं, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला गोठासुद्धा बांधू देत नसत. पऱ्यात ओतलं तर थेट खाडीत. सुरूच्या बनात ओतलं तर दुसऱ्या दिवशी तिथे पोरं क्रिकेट खेळणार. आणि कुणाच्या सेप्टिक टाकीत गुपचूप ओतलं, तर त्या टाक्यांत वापरतात त्यातली काही रसायनं सेप्टिकमधले जिवाणूच मारतात, म्हणजे यजमानाची टाकीही कामातून गेली.

भांड्यांचं, अंघोळीचं पाणी तर कोणी मोजतच नाही. ते खालच्या नळीतून सरळ रस्त्यावर. गाडी पुढे गेली, चिखल आपला.

त्यात वाळूत गाडी घालणारे महाभाग वेगळेच. आंजर्ल्याला, पलीकडे वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या किनाऱ्यांवर रात्री पिवळ्या दिव्यांच्या माळा लावून 'सी-व्ह्यू स्टे' करणाऱ्यांना काय म्हणावं? पिल्लं उजेडाकडे जातात. समुद्राऐवजी तुमच्या गाडीकडे येतील. आणि गाडी रुतली की गावातलाच ट्रॅक्टर, गावातलीच पोरं. मग वर म्हणायचं, गावकरी पैसे फार मागतात.

आता कोणीतरी कमेंट करणारच, "परदेशात सगळे असेच फिरतात." फिरतात ना. आपल्यातले कितीतरी जण तिकडे मुलांकडे जाऊन भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून फिरून आलेत, त्यांनाच विचारा. ऑस्ट्रेलियात छोट्या छोट्या गावांत टाकी ओतायची सार्वजनिक जागा असते, फ्रान्समध्ये नगरपालिका अशा जागा चालवतात, पाणी भरायचा नळ वेगळा, ओतायचं भोक वेगळं. न्यूझीलंडने २०२३ मध्ये कायदा कडक केला, स्वयंपूर्ण गाडीचं प्रमाणपत्र हवं असेल तर संडास गाडीत पक्का बसवलेला पाहिजे, सीटखाली सरकवून ठेवलेला डबा चालणार नाही. म्हणजे त्यांनी आधी घाणीचा विचार केला आणि मग समुद्राचा फोटो काढला. आपण फोटो आणला, बाकी विमानतळावर सोडून आलो.

सरकारने काही केलं नाही असंही नाही. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क, दोन्हींचा त्यात विचार आहे, उद्योजकांना सवलती आहेत. केरळनेही त्याच वर्षी असं धोरण आणलं आणि पुढच्या वर्षी वागमोनला पार्क सुरू केलं. आपल्याकडे कागद चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. पण दापोली, गुहागर, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात सर्वांसाठी उघडी असलेली, टाकी ओतायची एक जागा तुम्हाला माहीत असेल तर खाली पत्ता टाका. मी स्वतः जाऊन फोटो काढून ही पोस्ट दुरुस्त करीन. सवलत गाडीवाल्याला आणि घाण गावाला, अशी वाटणी कुणी ठरवली?

"हे आपल्याकडे जमणार नाही" हे वाक्य तर मला ऐकायचंच नाही. दर आषाढात पालखी मार्गावर हजारोंनी फिरती शौचालयं उभी राहतात. मुक्काम हलला की तीही हलतात, उपसायला टँकर येतात. लाखो माणसं, रोज नवीन गाव, आणि तरी जमतं. वाईचं उदाहरण घ्या, नगरपालिका लहान, गर्दी पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्यांची. तिथे घरोघरच्या सेप्टिक टाक्या ठरलेल्या वेळापत्रकाने उपसल्या जातात आणि त्या मैल्यावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे. म्हणजे टँकर आहे, केंद्र आहे, हिशोब आहे. हे कुठल्या दुसऱ्या देशातलं नाही, सातारा जिल्ह्यातलं आहे. मनात आलं की जमतं. मनात यायला वारीएवढा दबाव लागतो, एवढाच काय तो प्रश्न.

आणि बरं का, चाकांवर राहणं ही महाराष्ट्राला नवीन गोष्ट नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून ऊसतोड कुटुंबं निघतात ती कोल्हापूर-सांगलीपर्यंत जातात. पाच-सहा महिने कोपीत राहतात. चूल, अंथरूण, पोरं, सगळं गाडीवर. त्यांच्यावर कोणी रील करत नाही, आणि त्यांच्यातल्या बायकांसाठी उसाच्या फडापलीकडे आडोसा नसतो. आपल्या एनएच-६६ वर रात्रभर ट्रक चालवणारे, केबिनमध्येच झोपणारे ड्रायव्हर आहेत. हेही मोटरहोमच की. चार दिवस हौसेने राहणाऱ्याला जी अडचण 'लिमिटेशन' वाटते, ती या लोकांची रोजची आहे. म्हणून म्हणतो, ओतायची जागा आणि स्वच्छ संडास हा काही श्रीमंतांचा लाड नाही. तो झाला तर ट्रकवाल्याला होईल, एसटीतल्या बाईला होईल, आणि मग कॅराव्हॅनवाल्यालाही होईल. या क्रमाने.

पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरमधली हवा फुकट द्यायची हा तेल कंपन्यांचाच नियम आहे. तरी आपण "चावी मॅनेजरकडे आहे" हे ऐकून निमूट गाडी पुढे काढतो. का? तिथेच तक्रार वही मागा. वही नाही म्हणाले तर पंपावर लावलेल्या नंबरवर फोन करा. मी दोन वेळा केलाय. दोन्ही वेळा चावी तीन मिनिटांत सापडली.

गुरुजींना मी गाडी घेऊ नका म्हणालो. हिशोबही मांडला. साडेसहा लाख भागिले अडीच हजार, म्हणजे बऱ्यापैकी लॉजच्या २६० रात्री. वर्षाला वीस रात्री काढल्या तरी तेरा वर्षं. त्यात गाडीचा विमा, टायर, बॅटरी, उभी करायची जागा धरलीच नाही. आमच्याकडच्या पाखाड्यांत ती उभी राहणारही नाही, दोन्ही बाजूंना गडगे, वर फणसाची फांदी नि तारा. सध्या त्यांनी घडीचा कमोड स्टूल घेतलाय आणि पुण्याच्या वाटेवर चांगल्या संडासाची तीन हॉटेलं वहीत लिहून ठेवलीत, कुठे कमोड आहे, कुठे पायऱ्या आहेत, सगळं. आईंनी मागच्या खेपेला निघताना चहा घेतला म्हणे. अख्खा कप.

ज्यांना सगळं समजून-उमजून घ्यायचीच आहे त्यांनी जरूर घ्या. दोघं जण असाल, महिनामहिना फिरणार असाल, आरसीवर मोटर कॅराव्हॅन लिहिलेलं असेल, तर त्यासारखी मजा नाही. वजनकाट्यावर भरलेली गाडी एकदा चढवून बघा, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. आणि टाकी कुठे ओतणार, हे निघायच्या आधी ठरवा. ज्या लॉजवाल्याकडे जाणार त्याला फोनवर स्पष्ट विचारा, पैसे द्या. लाजायचं काय त्यात.

आता आपल्या गावापुरतं. ग्रामपंचायत किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे पावती फाडते. त्या पैशातून सार्वजनिक शौचालयाच्या मागे चार बाय चारचा कोबा, मधे झाकणाचं भोक, ते टाकीला जोडलेलं, बाजूला धुवायचा नळ आणि पन्नास रुपयांची पावती, एवढं व्हायला काहीच हरकत नाही. त्याच शौचालयात निदान एक कमोड, आतून लागणारी कडी, दिवा आणि पाणी. देखभालीला बचत गटाला ठेका द्या, त्या बायका नीट ठेवतील. टाकी उपसायच्या टँकरसाठी दापोली नगरपंचायतीशी बोलावं लागेल, ते सरपंचांनी बोलावं.

१ मे ला ग्रामसभा आहे. विषय आयत्या वेळी काढला की "पुढच्या सभेत बघू" होतं, म्हणून लेखी अर्ज आधीच देतोय. अर्ज माझ्या टपरीवर ठेवलाय, सकाळी दहा ते एक. सही करायला येताना घरातल्या बायकांनाही आणा, कारण आत्तापर्यंत झालेल्या अकरा सह्यांत एकही बाईची नाही.